सासूबाईंचा कुलूपबंद संडास

आरोग्यशिक्षणाची मूलतत्त्वं हा विषय मी नर्सिंगच्या मुलींना इतकी वर्षं शिकवतोय, की मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी ती घडाघडा म्हणून दाखवीन. माहीत असलेल्याकडून माहीत नसलेल्याकडे जावं. उपदेश करू नये, लोकांना सहभागी करून घ्यावं. आधी माणसाची स्वतःची गरज ओळखावी, मग आपलं म्हणणं मांडावं. फळ्यावर ही तत्त्वं फार सुंदर दिसतात, शिवाय माझं अक्षरही चांगलं आहे. पण एवढ्या सगळ्या तत्त्वांत सासूचा उल्लेख कुठेच नाही. ज्याने हे पुस्तक लिहिलं त्याचं लग्न झालेलं नसावं, किंवा निदान त्याची सासुरवाडी आमच्या मास्विंगो शहराच्या आसपास नसावी.

प्रकरणाला सुरुवात झाली ती एका रविवारी. रविवारी दुपारी माझ्या बायकोचा, चेनाईचा, फोन येतो. ती इंग्लंडात असते. इथे सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, तिथे एका वृद्धाश्रमात परक्यांच्या आईवडिलांना आंघोळ घालते, भरवते, त्यांच्या उशा सारख्या करते. फोनवर तिचं तोंड दिसतं, म्हणजे बहुतेक वेळा अर्धं कपाळ आणि मागची भिंत दिसते. मध्येच चित्र गोठतं. चित्र गोठलं की बाकीचे लोक फोन आपटतात. मी मात्र बोलत राहतो, कारण तेवढा वेळ तरी ती कुठे जात नाही.

आमचं पोर कुंडाई शाळेच्या वसतिगृहात असतं, पण चेनाई मला त्याच्याच नावाने हाक मारते. त्या रविवारी ती घाईघाईने म्हणाली, "कुंडाईचे बाबा, आईचं काहीतरी करा. ती अजून झाडीतच जाते. विहिरीचं पाणी तसंच पिते. शेजारच्या जिल्ह्यात कॉलरा आलाय, इथल्या बातम्यांतसुद्धा दाखवला."

"अगं, पण मी काय करणार? मी जावई आहे."

"तुम्ही आरोग्यशिक्षणाचे मास्तर आहात. सगळ्या जिल्ह्याला शिकवता, माझ्या आईला शिकवा." मग तिचा आवाज खाली आला. "इथे कायम राहायचे कागद व्हायला आलेत. ते होईपर्यंत मला इथून हलता येत नाही, हलले तर पुन्हा पहिल्यापासून. पण आईला काही झालं तर मी थांबणार नाही, आधीच सांगून ठेवते. मग गेली तीन वर्षं पाण्यात."

म्हणजे गोष्ट सरळ होती. सासूबाई धडधाकट राहिल्या तर कागद होणार, आणि कागद झाले की माझी बायको नाताळात सुट्टीवर घरी येणार. सासूबाईंचं पोट बिघडलं तर ती रडत येणार आणि सगळं मातीत जाणार. माझा संसार सासूबाईंच्या आतड्यांवर अवलंबून होता.

आता अडचण सांगतो. आमच्यात जावई सासूशी हात मिळवत नाही. तिच्या नजरेला नजर देत नाही. ती समोर आली की खाली उकिडवं बसायचं, हात पोकळ धरून हळू टाळ्या वाजवायच्या, आणि जमिनीकडे बघत क्षेमकुशल विचारायचं. क्षेमकुशलात पाऊस चालतो, गुरं चालतात, मक्याचं पीक चालतं. पोट चालत नाही. पोटाच्या खालचं तर मनातही आणायचं नाही. ही रीत सांभाळून मी सासूबाईंना झाडीत जाऊ नका हे कसं सांगणार होतो?

मी कुंपणापलीकडे सल्ला मागितला. म्हणजे मागितला नाही. आमच्या कॉलनीत सल्ला मागावा लागत नाही. शेजारचे बाबा ताफारा हे निवृत्त पोस्टमास्तर. ते दिवसभर कुंपण छाटत असतात, त्यामुळे त्यांच्या बाजूचं कुंपण गुडघ्याएवढं उरलंय आणि आमच्या घरातलं बोलणं त्यांना स्पष्ट ऐकू येतं.

"बोलायचंच कशाला?" ते म्हणाले. "बांधून टाका."

"काय?"

"संडास. जावयाने सासुरवाडीला काहीतरी बांधून देणं हे तर चांगलंच आहे. माझ्या जावयाने धान्याची कणगी बांधून दिली. आकार साधारण तोच."

मला हे पटलं. आता मागे वळून बघताना वाटतं की त्या क्षणी मी सगळी मूलतत्त्वं एकदम पायदळी तुडवली. पण कुंपणावर वाकून, हातात कात्री घेऊन कोणी ठामपणे बोललं की मला नाही म्हणता येत नाही.

रीत म्हणून आधी मध्यस्थ पाठवायचा ठरला. असल्या नाजूक गोष्टींसाठी आमच्याकडे बायकोची आत्या असते. चेनाईच्या फुनगाईआत्या बसस्टँडजवळ जुने कपडे विकतात. गिऱ्हाइकांना ओरडून बोलवायची सवय असल्यामुळे त्यांचा आवाज कायम त्या पट्टीत लागलेला. मी त्यांना शंभर वेळा सांगितलं, "आत्याबाई, विषय नाजूक आहे, आडून आडून काढा."

"मला शिकवता?" त्या म्हणाल्या. "मी तुमचं लग्न जमवलंय."

त्या गावी पोचल्या तेव्हा सासूबाई घरी नव्हत्या, दळणाला गेल्या होत्या. आत्याबाई गिरणीवर गेल्या. गिरणी चालू होती, म्हणून त्यांनी आवाज आणखी चढवला. रांगेतल्या सगळ्या बायकांना, गिरणीवाल्याला आणि बाहेर उभ्या असलेल्या दोन बैलगाड्यांना कळलं की चेनाईचा नवरा आपली सासू सकाळी कुठे जाते या काळजीने वाळत चाललाय, आणि तिच्यासाठी तो तिकडे एक पक्की जागा बांधणार आहे.

सासूबाईंनी याचं उत्तर वेगळ्या तऱ्हेने दिलं. त्यांनी कुत्र्याचं एक पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मुचानेता'. आमच्याकडे कुत्र्याचं नाव कुत्र्यासाठी नसतं. ते ज्याला ऐकवायचं असतं त्याच्यासाठी असतं. मुचानेता म्हणजे 'थकाल तुम्ही'. मी पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा अंगणात पाऊल टाकताच सासूबाईंनी झोपडीच्या आतून हाक मारली, "मुचानेता! ये बाळा, ये!" आणि मला माझं उत्तर मिळालं.

पण मीही चेनाईला शब्द दिला होता. आंब्याखाली, जिथे जावयाने बसायचं तिथे मी बसलो, टाळ्या वाजवल्या आणि कुत्र्याला म्हणालो, "मुचानेता, सासूबाईंना सांग, चेनाईची इच्छा आहे."

आत एक भांडं वाजलं. मग आवाज आला, "मुचानेता, पाहुण्यांना सांग, लेकीची इच्छा असेल तर माझी जमीन कुठे पळून चालली आहे."

त्या दिवसापासून आमचं सगळं बोलणं कुत्र्यामार्फत होऊ लागलं. पिल्लू गुणी होतं. दोन्ही बाजू ऐकून घ्यायचं आणि कोणाचीही बाजू घ्यायचं नाही.

यापुढची हकिकत थोडक्यात सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. खड्डा खणायचा तर गावच्या प्रमुखांची, म्हणजे सभूकूंची, परवानगी हवी. सभूकू म्हणाले, परवानगी आहे, पण गावात एका विधवेला पक्का संडास आणि प्रमुखाला नाही, हे दिसायला बरं दिसेल का? मी म्हटलं, नंतर बघू. ते म्हणाले, नंतर म्हणजे कधी? मी एक कोंबडा दिला आणि 'नंतर'चा अर्थ तूर्तास सैल ठेवला. मग कौन्सिलच्या आरोग्य निरीक्षकाची पाहणी. त्याच्या मोटारसायकलला पेट्रोल नव्हतं, म्हणून मी त्याला बसने घेऊन गेलो, वाटेत उकडलेली कणसं खाऊ घातली. हा शिरी नावाचा तरुण माझाच जुना विद्यार्थी निघाला, आणि मला वाटलं आता काम झालंच.

"सर," तो टेप ताणत म्हणाला, "विहिरीपासून तीस मीटर. उताराच्या बाजूला. तुम्हीच शिकवलंत."

"अरे, पण घराच्या मागे आडोशाला छान जागा आहे."

"ती चढावर आहे सर. परीक्षेत मी चढावर लिहिलं होतं तेव्हा तुम्ही मला नापास केलं होतं."

उताराच्या बाजूला, विहिरीपासून दूर, खडक नसलेली अशी एकच जागा सापडली. ती अंगणाच्या समोर होती, पायवाटेला लागून. आणि मुख्य म्हणजे जावयाने ज्या आंब्याखाली बसायचं, त्याच्या अगदी डोळ्यासमोर. माझ्या नोट्सच्या आधारे माझ्या सासूचा संडास माझ्या तोंडासमोर बांधला जाणार होता.

खड्डा खणला गेला. अर्ध्यात गवंडी जोफ्रे एका मयताला गेला, तिथून दुसऱ्या मयताला गेला. त्यात एका शनिवारी मी पोचलो तर खड्ड्यातून शेळीचा आवाज. शेजाऱ्यांची पांढरी शेळी आत पडली होती. मी आजूबाजूला बघितलं, कोणी नव्हतं. आरोग्यशिक्षक असलो तरी मी माणूस आहे. बूट काढले आणि काठावरून वाकलो. काठ ओला होता.

शेळी माझ्यावर चढून वर आली आणि निघून गेली. मी राहिलो. खड्डा नियमाप्रमाणे खोल होता, त्याबद्दल मी शिरीला आग्रहच केला होता. शेवटी काठावर सासूबाईंचे पाय दिसले, आणि त्यांच्या शेजारी मुचानेताचे. सासूबाई हात देऊ शकत नव्हत्या. मी हात मागू शकत नव्हतो. मी खड्ड्यात उकिडवा बसलो, टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्या गुरांची चौकशी केली.

"मुचानेता," वरून आवाज आला, "त्यांना सांग, गुरं बरी आहेत." मग त्या गेल्या आणि मका कांडायचं लांब मुसळ घेऊन आल्या. ते त्यांनी खाली सोडलं, मी दोन्ही हातांनी धरलं, आणि माझ्या सासूने मला भावी संडासातून बाहेर ओढून काढलं. एवढा जोर त्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी जमिनीकडे बघत उभा राहिलो आणि त्या आभाळाकडे बघत उभ्या राहिल्या. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण शेळीवाल्यांनी सांगितलं.

संडास एकदाचा उभा राहिला. विटांचा, सिमेंटचा, वर माश्यांसाठी जाळी लावलेलं नळकांडं, बाहेर दोरीला टांगलेला पाण्याचा कॅन; पायाने काठी दाबली की हातावर पाणी पडतं. मी कुत्र्याला अर्धा तास त्याचं महत्त्व समजावून सांगितलं. आतल्या अंधारात सासूबाई भुईमूग फोडत होत्या, त्याचा टकटक आवाज येत होता. मला वाटलं शिक्षण होतंय.

पुढच्या खेपेला गेलो तर संडासाला कुलूप.

"कुलूप?" बाबा ताफारा कात्री थांबवून म्हणाले. "म्हणजे वापरताहेत. जी वस्तू वापरतो तिलाच माणूस कुलूप लावतो."

"मी दिवसभर तिथे होतो. कोणी गेलं नाही."

"तुम्ही समोर बसलात तर कोण जाईल?"

हेही खरं होतं. मग मी मुद्दाम गावाबाहेर पुलावर जाऊन बसायला लागलो. पण जाणारे-येणारे सांगायचे, नाही हो, म्हातारी झाडीतच जाते. गावात बोभाटा झाला की ती आत शेंगदाणे साठवते. कोणी म्हणालं, इंग्लंडचे पैसे पुरलेत. शिरी दाखला द्यायला आला, कुलूप बघून परत गेला आणि त्याने 'बांधकाम पूर्ण, वापर नाही' असं कळवलं. ते फिरत फिरत आमच्या प्राचार्यांपर्यंत पोचलं. चहाच्या सुट्टीत ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ग्वातिद्झो, यंदा 'समाजाचा सहभाग' हे प्रकरण दुसऱ्या कोणाला देऊ या का?" सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं.

रविवारी चेनाई विचारायची, "आई वापरते ना?"

मी म्हणायचो, "बांधकाम फारच छान झालंय."

सासूबाईंच्या गावात फोनला रेंज नाही. त्यासाठी टेकडीवर चढावं लागतं, आणि टेकडीवर उभं राहून आपल्या लेकीशी ओरडून बोलायला सासूबाई तयार नाहीत. त्यामुळे माझं खोटं चालून जायचं. पण फोन ठेवला की मला घरात थांबवत नसे. मी उगाच रस्त्यावर फेऱ्या मारायचो. चेनाई इथे होती तेव्हा घरात नळ असूनही जेवणाआधी ती तांब्याने माझ्या हातावर पाणी घालायची. मी म्हणायचो, अगं नळ आहे की. ती म्हणायची, नळाला कळतं का पाणी गार आहे ते? आता मी नळावरच हात धुतो. तिने पाठवलेल्या पार्सलात एकदा दोन साबण आले होते, जांभळ्या कागदातले, एक मला आणि एक तिच्या आईला. माझी वडी कपाटात शर्टांखाली आहे. वर्गात मी साबणाचं महत्त्व सांगतो आणि घरी धुण्याच्या हिरव्या वडीने हात धुतो, कारण जांभळा कागद उघडला की वास संपायला लागेल.

अशातच आमच्याच जिल्ह्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात कॉलराचा पहिला रोगी आला. चेनाईला ते माझ्याआधी कळलं. "मी बॅग भरून ठेवली आहे," एवढंच ती म्हणाली. चित्र गोठलं, पण यावेळी मला बोलता आलं नाही.

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गावी गेलो. टाळ्या वाजवल्या, पण क्षेमकुशल पुरतं होऊ दिलं नाही. "मुचानेता, सासूबाईंना विचार, संडासाला कुलूप का?"

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. "मुचानेता, पाहुण्यांना सांग, ती जागा चेनाईची आहे. माझी पोर तिकडे पांढऱ्या फरशीच्या संडासात जाते. घरी आल्यावर तिने झाडीत जायचं? मी रोज झाडते, शनिवारी जमिनीला लाल पॉलिश करते. तिचा साबणपण आत ठेवलाय, कागदासकट. आल्यावर तीच उघडेल."

"मुचानेता, सासूबाईंना सांग, तोवर त्यांनी वापरला तर झिजत नाही."

"झिजतं," सासूबाई म्हणाल्या. कुत्र्याला सांगायचं त्या विसरल्या होत्या. "वापरलं की सगळं झिजतं."

शर्टांखालचा साबण डोळ्यासमोर आला. मग म्हटलं, "बरं, पाणी तरी उकळून प्यायला काय हरकत आहे, विचार."

यावर मुचानेता उठून आत बघून आलं.

"मुचानेता, तुझा तेव्हा जन्म झाला नव्हता," सासूबाई सावकाश बोलायला लागल्या. "पलीकडे माई सीमा राहायची. तिचा मुलगा इंग्लंडात. दर नाताळला येतो म्हणायचा. तिने त्याच्यासाठी कोंबडे राखले, ते म्हातारे होऊन मेले. मग ती मेली, आणि दोन दिवसांत तो विमानाने हजर. अंगात कोट. कबरीपाशी इतका रडला की त्याला दोघांनी धरावं लागलं. सगळ्या गावाला गाय कापून जेवण घातलं." एक शेंग फुटली. "इंग्लंडहून माणसं कशासाठी येतात ते मला ठाऊक आहे. उकळलेलं पाणी पिऊन मी जगतच राहिले, तर ती साबण पाठवतच राहील."

आधी माणसाची गरज ओळखावी. किती वर्षं मी हे वाक्य फळ्यावर लिहून खाली रेघ ओढत आलो होतो! त्या बाईला आरोग्य नकोच होतं. तिला तिची मुलगी हवी होती, आणि ती मिळवायचा एकच मार्ग तिने डोळ्यांनी बघितला होता. खरं सांगायचं तर क्षणभर तिचा हिशेब मला चुकीचा वाटला नाही. ती गेली तर चेनाई येईल, दोन दिवसांत येईल, हे माझ्याही मनात चमकून गेलं, आणि मी घाबरलो.

घाबरल्यावर मी जे केलं ते त्या गावात आजपर्यंत कोणा जावयाने केलेलं नाही. मी उठलो, झोपडीच्या दारात गेलो आणि सासूबाईंच्या तोंडाकडे सरळ बघून बोललो.

"आई, मला ती कबरीपाशी नकोय. मला ती इथे हवी आहे. या आंब्याखाली, शेंगा फोडत, तुम्ही तिला ओरडताय, ती मला ओरडतेय. रविवारी फोन ठेवल्यावर मला घरात बसवत नाही, म्हणून मी वेड्यासारखा रस्त्यावर फिरतो. माझाही साबण कपाटात आहे. मीही नाही उघडला. तुम्ही गेलात तर ती येईल, रडेल, आणि मग पुन्हा इकडे यायला तिला कोण उरलं? मी? तुम्हाला तरी खरं वाटतं का, नुसत्या माझ्यासाठी ती येईल?"

हे शेवटचं वाक्य मी बोलणार नव्हतो.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे चेनाईसारखे आहेत, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. ठाऊक असायची सोयच नव्हती. मग त्यांनी कमरेच्या कापडात खोचलेली किल्ली काढली, माझ्या बाजूने वाट काढत बाहेर गेल्या, कुलूप उघडलं आणि जांभळ्या कागदातली वडी घेऊन आल्या. कॅनच्या काठीवर पाय देऊन त्यांनी कागद फाडला. फाडताना त्यांचा हात जरा थांबला. मग त्यांनी बराच वेळ हात धुतले, बोटांच्या मधून, मनगटापर्यंत, मी वर्गात सांगतो त्याहून जास्त वेळ. वडी बशीत ठेवली, बशी जमिनीवर ठेवली, आणि जावयाच्या हातात काही द्यायचं नसतं म्हणून मुसळाने ती माझ्याकडे सरकवली.

मी हात धुतले. त्या दिवशी मक्याच्या पिठाचा घट्ट साडझा आणि शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी मी दारापाशी आणि त्यांनी आत बसून खाल्ली. मधे कुत्रं होतं. दोघांच्या हातांना एकच वास येत होता.

जावयाने सासूच्या डोळ्यांत बघितल्याची बातमी सभूकूंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मला एका शेळीचा दंड झाला. मी शेजाऱ्यांकडून तीच पांढरी शेळी विकत घेऊन भरला. ती मला ओळखत होती. सभूकू म्हणाले, दंड माफ करता आला असता, पण 'नंतर'चं काय झालं? बाबा ताफारा म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, बांधलं की वापरतात?" मी कुंपणाला नवीन रोपं आणून लावली आहेत, त्यांच्या हातून वाचली तर वाढतील.

घरी आल्यावर मीही शर्टांखालची वडी उघडली. एकदम उघडली, कारण विचार केला असता तर पुन्हा ठेवून दिली असती.

कॉलरा आमच्या भागातून निघून गेला. एका रविवारी चेनाईने नेहमीप्रमाणे विचारलं, "आई वापरते ना?"

"वापरते," मी म्हणालो, आणि पहिल्यांदाच खरं बोललो. "पाणीही उकळते. पण उकळलेल्या पाण्याला चव नाही, असं कुत्र्याला रोज सांगते."

ती हसली. तिचे दात दिसले, आणि नेमकं तेव्हा चित्र गोठलं नाही.

"आणि तुमचे साबण? दोघांनी जपून ठेवले असतील."

"नाही. दोन्ही संपत आलेत."

या वाक्यावर तिचं उत्तर मला पाठ होतं. साबण असो, स्वेटर असो, कुंडाईच्या शाळेचे बूट असोत, गेली तीन वर्षं ती एकच शब्द म्हणत आली आहे, 'पाठवते'. या वेळी पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली, बहुतेक कोणाला तरी भरवायचं राहिलं होतं. ती वळली आणि जाता जाता म्हणाली, "आणते."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला नाही. चुकून म्हणाली असेल तर ती चूक मला तिच्याकडून दुरुस्त करून घ्यायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी गावी गेलो. आंब्याखाली बसलो, टाळ्या वाजवल्या, पाऊस, गुरं, मका, सगळी चौकशी रीतसर केली, आणि जमिनीकडे बघत म्हणालो, "मुचानेता, सासूबाईंना सांग, साबण संपत आलाय असं चेनाईला सांगितलं. ती म्हणाली, आणते."

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला.

"मुचानेता, त्यांना नीट विचार. पाठवते म्हणाली असेल."

"नाही. आणते म्हणाली."

"त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं?"

"स्वतःच्या कानांनी."

मग सासूबाई बाहेर आल्या, माझ्याकडे न बघता माझ्यासमोरून गेल्या, आणि सोमवार असूनही लाल पॉलिशचा डबा घेऊन संडासात शिरल्या.